किझिलबाश आणि प्रॉटेस्टंट मिशन

ऑटोमन साम्राज्यातील किझिलबाश (आजचे अलेवी) या सुन्नीबाह्य मुस्लिम समाजाशी एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनऱ्यांचा आलेला संबंध. १८१३ पासून मुंबईत काम करणाऱ्या आणि पुढे अमेरिकन मराठी मिशन उभारणाऱ्या अमेरिकन बोर्ड या प्रॉटेस्टंट मिशनरी संस्थेचेच मिशनरी १८२० मध्ये स्मिर्ना (इझ्मिर) येथे उतरले.

अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानचा आशियाई भाग) बोर्डाचा मुख्य भर आर्मेनियन ख्रिस्ती लोकांवर होता. १८५० मध्ये प्रॉटेस्टंटांना सुलतानाच्या फर्मानाने स्वतंत्र मिल्लेतचा (सरकारमान्य धार्मिक समुदायाचा) दर्जा मिळाला. सरकारदरबारी मुसलमान ठरलेल्या किझिलबाशांना मात्र त्यात शिरकाव नव्हता. तरीही १८५० च्या दशकाच्या मध्यास पूर्व अनातोलियातल्या चेमिशगेझेक भागातील त्यांचा एक प्रमुख अली गाको याने स्वतःला प्रॉटेस्टंट म्हणवून घेतले. त्यामागे संरक्षणाची गरज होती की श्रद्धा, याबद्दल मतभेद आहेत. छळ सोसणाऱ्या समाजात या दोहोंची फारकत करणे बहुधा योग्य नाही.

मिशनऱ्यांचे कुतूहल किझिलबाशांच्या ‘जेम’ या सामूहिक विधीने चाळवले. स्त्री-पुरुष एकत्र बसतात. वंशपरंपरेने आलेला गुरू ‘देदे’ आधी गावातले तंटे सोडवतो. समेट झाल्याखेरीज विधी पुढे सरकत नाही. मग साझ या तंतुवाद्यावर अली आणि शिया परंपरेतील बारा इमामांची पदे होतात व अखेरीस सर्वांना घास वाटला जातो. यात मिशनऱ्यांना प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारस वाटण्याचा ख्रिस्ती विधी) दिसले आणि किझिलबाश हे मूळचे ख्रिस्ती असावेत, असा तर्क त्यांनी केला.

मूळाचा हा वाद अद्याप मिटलेला नाही. मानवशास्त्रज्ञ फेलिक्स फॉन लुशान यांनी या समाजाला प्राचीन अनातोलियन लोकांचे वंशज मानले. तुर्की इतिहासकार मेहमत फुआत कोप्रुलू यांनी मध्य आशियातील तुर्की शामानपरंपरेचा धागा पुढे केला आणि तुर्कस्तानात हेच मत दीर्घकाळ रूढ राहिले. देदे घराण्यांच्या कागदपत्रांवरून इतिहासकार आयफर काराकाया-स्टम्प यांनी इराकमधील वफाई सूफी परंपरेशी जोडलेला संबंध अधिक सबळ वाटतो, कारण तो समाजाच्या स्वतःच्या दप्तरावर उभा आहे. ख्रिस्ती उगमाला मात्र विधींमधील साम्यापलीकडे आधार दिसत नाही.

सुलतान दुसरा अब्दुल हमीद (कार. १८७६–१९०९) याने किझिलबाश गावांत मशिदी आणि शाळा उभारून त्यांना हनफी सुन्नी पंथाकडे वळवण्याचे धोरण राबवले. मिशनऱ्यांशी त्यांची जवळीक त्याला धोक्याची वाटत होती. सिरियातील नुसैरी (आजचे अलवी) या वेगळ्या सुन्नीबाह्य समाजात लताकियाच्या परिसरात सॅम्युएल लाइड या अँग्लिकन मिशनऱ्याने १८५० च्या दशकात असेच मिशनकार्य केले.