अर्धशिशीत हातपाय लुळे पडतात तेव्हा

अर्धशिशी म्हटलं की ठणकणारं अर्धं डोकं आठवतं. पण तिच्या एका प्रकारात डोकं दुखण्याआधीच हातातला कप निसटतो, एका बाजूचा पाय ओढला जातो, बोलायला जावं तर शब्द सापडत नाही. घरचे घाबरतात: लकवा मारला! हा हेमिप्लेजिक मायग्रेन. डेन्मार्कमधल्या पाहणीत दहा हजारांत साधारण एकाला तो आढळला.

घरच्यांचं घाबरणं रास्तच आहे. असं पहिल्यांदा घडलं तर तो पक्षाघातच समजून 108 ला फोन करायचा आणि रुग्णालय गाठायचं. पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे घरी वाट बघत बसू नये.

मग दोन्हींतला फरक कळतो कशावरून? बऱ्याच अंशी घड्याळावरून. पक्षाघात बहुधा एकदम येतो. इथे लक्षणं सरकत येतात: आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा, मग बोटांतून कोपराकडे आणि पुढे ओठांपर्यंत चढणाऱ्या मुंग्या, मग अडखळणारी जीभ, अंगातली गेलेली ताकद. कार्ल लॅशली या शास्त्रज्ञाने स्वतःला दिसणाऱ्या अशा रेषांची वाटचाल टिपून 1941 मध्ये हिशोब मांडला, की मेंदूत काहीतरी मिनिटाला 3 मिलिमीटर वेगाने पसरत असावं. 1944 मध्ये ब्राझीलच्या अरिस्टिदेस लेआव यांना सशाच्या मेंदूत तशीच संथ लाट सापडली. ती जिथून जाते तिथल्या पेशी आधी खवळतात, मग काही काळ निपचित होतात.

ही लाट काहींच्या मेंदूत फार सहज उठते. पेशींमधली क्षारांची ये-जा सांभाळणाऱ्या तीन जनुकांतले दोष 1996, 2003 आणि 2005 मध्ये सापडले. आईवडिलांपैकी एकाकडे असा दोष असेल, तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. तरी चाचणीत दोष दिसला नाही म्हणून आजार नाही असं ठरत नाही.

झटका ओसरल्यावर एमआरआय बहुधा स्वच्छ येतो, आणि ‘काही नाही, टेन्शन आहे’ ऐकून माणूस घरी परततो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण या आजाराचं निदान मुख्यतः हकिकतीवरच होतं. कमीत कमी दोन झटके, अंगातली ताकद पूर्ण परत येणं आणि दुसरं कारण नसणं, हे बघावं लागतं. म्हणून कुठलं लक्षण किती वाजता सुरू झालं ते घरच्यांनी लिहावं, मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, आजी-काकांना असं व्हायचं का ते विचारावं, आणि हे सगळं घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जावं.

निदानावर गोळ्याही अवलंबून असतात. नेहमीच्या मायग्रेनला दिली जाणारी ट्रिप्टान गटातली औषधं यात वर्ज्य सांगितलेली आहेत. शेजाऱ्यांना लागू पडली म्हणून घेऊ नयेत. झटके कमी व्हावेत म्हणून व्हेरापामिल, फ्लुनारिझिन, लॅमोट्रिजिन यांसारखी औषधं डॉक्टर देतात. रुग्णच मोजके असल्याने या औषधांच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. कुणाला काय मानवेल हे वापरूनच कळतं.

काहींना डोक्याला किरकोळ मार लागूनही मोठा झटका येतो. ताप चढतो, शुद्ध हरपते. अशा मुलांच्या शाळेत ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी. मोठ्यांनीही आजाराचं नाव, टाळायची औषधं आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी, कारण ऐन झटक्यात त्यांना हे तोंडाने सांगता येणार नाही.