विरळ हवेचा भार उजव्या कप्प्यावर

लातूर-बीडचं पठार समुद्रसपाटीपासून जेमतेम पाच-सहाशे मीटर उंच, तर लेह साडेतीन हजारांवर. आपल्याकडचा जवान तिथे पोहोचला की आधी नाडी जलद चालते. काही दिवसांत रक्तातलं पाणी घटतं आणि दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी होतं. हृदयाचा डावा कप्पा हे निभावून नेतो. १९८५ साली दाबकक्षात ४० दिवस ठेवलेल्या निरोगी पुरुषांचं हृदय एव्हरेस्टइतक्या कमी दाबातही नीट आकुंचन पावत होतं. कस लागतो तो फुप्फुसांकडे रक्त ढकलणाऱ्या उजव्या कप्प्याचा.

हे उमगायला बराच काळ गेला. १८९० मध्ये फ्रेंच डॉक्टर व्हिओ यांना पेरूतल्या मोरोकोचा या डोंगरातल्या उंच गावी लाल पेशी वाढलेल्या दिसल्या आणि सगळ्यांचं लक्ष रक्तावरच खिळलं. १९४६ मध्ये फॉन ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी मांजरांवर दाखवलं की प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात. फुप्फुसाचा एखादाच भाग बंद पडला तर ही सोय उत्तम, कारण रक्त चांगल्या भागाकडे वळतं. उंचीवर मात्र अख्खं फुप्फुसच आवळतं. पुढे पेरूतले डॉक्टर पेन्यालोसा यांनी मोरोकोचाच्या रहिवाशांत फुप्फुस-धमनीचा सरासरी दाब पाऱ्याच्या २८ मिलिमीटर इतका मोजला. समुद्रकाठच्या लिमात तो १२ होता. महिनोन् महिने असं चाललं की या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात. मग नळीतून प्राणवायू दिला तरी दाब लगेच पुरता उतरत नाही.

याची हद्द दिसली ती भारतीय जवानांत. १९९० च्या एका अहवालात ५,८०० ते ६,७०० मीटरवर कित्येक आठवडे राहिलेल्या २१ जवानांची नोंद आहे: पाय सुजलेले, पोटात पाणी, उजवं हृदय फुगलेलं. खाली आणल्यावर ते सुधारले. वर पोहोचल्यावर दोन-चार दिवसांत फुप्फुसात पाणी भरतं, तो आजार वेगळा. सैन्यातला वाढत्या उंचीच्या तीन टप्प्यांवरचा सहा, चार आणि चार दिवसांचा सराव मुख्यतः अशा सुरुवातीच्या आजारांसाठी आहे. जवानांतला आठवड्यांनी येणारा उजव्या हृदयाचा आजार टाळायला मुख्य उपाय म्हणजे वरचा मुक्काम मर्यादित ठेवणं.

त्यामुळे सुट्टीवर आलेल्या जवानाचं हिमोग्लोबिन अठरा-एकोणीस किंवा ईसीजीत उजवीकडचा ताण दिसला, तर डॉक्टरांनी आधी विचारावं: चौकी किती उंचीवर होती, खाली कधी उतरलात? त्रास नसेल तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. सूज किंवा धाप असेल तर वाट न पाहता टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. आणि आठवडा-दोन आठवडे गावी राहून परत वर जाणाऱ्याच्या फुप्फुसात पाणी होण्याचा धोका पुन्हा उभा राहतो, म्हणून जुन्या सरावाच्या भरवशावर थेट चौकी गाठू नये.