अडकलेला बॉल जॉइंट सोडवणे

मोटारीच्या सस्पेन्शनमधील बॉल जॉइंटचा स्टड (दांडा) स्टीअरिंग नकलच्या, म्हणजे चाकाला धरणाऱ्या आणि स्टीअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाच्या, छिद्रात रुतून बसला असता, आजूबाजूच्या भागांना इजा न करता तो मोकळा करण्याची कार्यपद्धती. लोअर आर्म (नकलला गाडीच्या चौकटीशी जोडणारा खालचा दांडा), बॉल जॉइंट, चाकाचे बेअरिंग किंवा ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) बदलताना हे काम करावे लागते. टाय रॉड एंडचा (स्टीअरिंगचा दांडा नकलला जोडणाऱ्या टोकाचा) सांधाही याच तत्त्वावर बसवलेला असल्याने पुढील बहुतेक माहिती त्यालाही लागू पडते. घरी सस्पेन्शन उघडणाऱ्याचा दिवस बहुधा याच पायरीवर खर्ची पडतो. ताकद कमी पडते म्हणून नव्हे, तर ती चुकीच्या दिशेने लावली जाते म्हणून.

स्टड का रुततो

बॉल जॉइंटमध्ये पोलादी गोळा वाटीत फिरतो. गोळ्याला जोडलेला दांडा म्हणजे स्टड. हा दांडा निमुळता असतो आणि नकलमधील छिद्रही त्याच मापाने निमुळते कातलेले असते. टोकाच्या आट्यांवर नट आवळला की दांडा पाचरीसारखा छिद्रात ओढला जातो. अनेक गाड्यांत हे निमुळतेपण १:१० असते, म्हणजे १० मिमी. लांबीत व्यास १ मिमी.ने घटतो. अशा शंकूचा अर्धकोन जेमतेम ३ अंश भरतो. पोलादावर पोलाद कोरडे घासताना घर्षणगुणांक सुमारे ०.१५ धरला, तर घर्षणकोन ८ अंशांच्या वर जातो. शंकूचा अर्धकोन घर्षणकोनापेक्षा लहान असला की जोड स्वतःला धरून ठेवतो. नट पूर्ण काढला तरी स्टड जागचा हलत नाही, कारण तो हलू नये अशीच ही रचना आहे.

पकड किती असते याचा अंदाज गणिताने येतो. १२ मिमी. आट्यांच्या नटावर ७० न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचे बळ) दिला, तर स्टडवर साधारण २९ किलोन्यूटन ओढ येते. वरील कोन आणि घर्षण धरून तो जोड उलट दिशेने उपसायला त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे दीड टन वजनाइतके बळ सरळ रेषेत लावावे लागेल. हा नव्या, स्वच्छ जोडाचा हिशेब झाला. वर्षानुवर्षे पाणी आणि चिखल खाल्लेल्या जोडात गंज धरला की हा आकडा वाढतो. आर्मवर पहार घालून नुसते रेटत राहिल्याने जोड सुटत नाही, तो यामुळे.

सोडवण्याचे तत्त्व

निमुळता जोड सुटायला दोन गोष्टी एकाच वेळी हव्यात : स्टडच्या रेषेत कायम ओढ आणि नकलवर आडवा धक्का. छिद्राभोवतीच्या जाड कड्यावर बाजूने जोरकस घाव बसला की छिद्र क्षणभर किंचित लंबगोल होते, शंकूची पकड तुटते आणि आधीच दिलेली ओढ स्टडला बाहेर काढते. ओढ नसेल तर कडे पुन्हा गोल होऊन स्टड तसाच धरते, आणि धक्का नसेल तर ओढ पुरी पडत नाही.

सर्वांत जास्त केली जाणारी चूक म्हणजे स्टडच्या टोकावर हातोडा मारणे. घावाचा बराचसा जोर आर्मच्या आतल्या टोकाच्या रबरी बुशमध्ये (सांध्यातील रबरी नळीत) जिरतो. टोक फुगते, आटे चिरडतात आणि मग स्टड सुटला तरी नटच बाहेर येत नाही. जॉइंट पुन्हा वापरायचा असेल तर तो तिथेच बाद होतो.

आधी पाहायच्या गोष्टी

जोड खरोखर सोडवावा लागणार आहे का, हे आधी तपासावे. बॉल जॉइंट आर्मला दोन-तीन बोल्टांनी जोडलेला असेल आणि फक्त ड्राइव्ह शाफ्ट काढायचा असेल, तर ते बोल्ट काढून शंकूला हात न लावता काम होते. काही वेळा शॉक अॅब्झॉर्बर आणि नकल यांच्यातले दोन बोल्ट काढणे सोपे पडते. संपूर्ण आर्म बदलायचा असेल, तर आर्म नकलसकट खाली उतरवून व्हाइसमध्ये धरणे गाडीखाली वाकून झगडण्यापेक्षा कितीतरी बरे.

स्प्रिंग कुठे टेकली आहे, हा सुरक्षिततेचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मॅकफर्सन स्ट्रट रचनेत स्प्रिंग स्ट्रटमध्येच, म्हणजे शॉक अॅब्झॉर्बरभोवतीच, कोंडलेली असते, त्यामुळे लोअर आर्म मोकळा झाला तरी ती सुटत नाही. डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म असलेल्या) रचनेत स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणारा दांडा) लोअर आर्मवर असेल, तर तिथला बॉल जॉइंट हाच त्या ताकदीला अडवणारा शेवटचा दुवा असतो. अशा गाडीत आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून स्प्रिंग आवरल्याशिवाय नट काढूच नये. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर तो आर्म चौकटीशी ठोकळ्याने अडवावा लागतो. गाडी कोणतीही असो, ती जॅकवर नव्हे तर स्टँडवर टेकलेली हवी.

पुढची दोन्ही चाके एकदम उचलावीत. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची सस्पेन्शन एकमेकांना जोडणारा दांडा) त्या बाजूचा आर्म वर खेचून धरतो आणि सुटलेला स्टडही छिद्राबाहेर येत नाही. नाहीतर बारची लिंक सोडून ठेवावी. ब्रेक कॅलिपर काढला असल्यास तो तारेने टांगावा, होजवर लोंबकळू देऊ नये. एबीएस सेन्सरची वायर मोकळी करावी. नकल सुटल्यावर बाहेर ओढली गेली तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटू शकतो, म्हणून तिला आधार द्यावा.

प्रत्यक्ष पद्धत

उघडे आटे तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच लावावे. हे तेल नटासाठी उपयोगी असते. घट्ट बसलेल्या शंकूत ते फारसे शिरत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर जोड सुटण्याची वाट पाहू नये. स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली दुपायी पिन) सरळ करून काढावी. तुटली तर तुकडा बारीक ड्रिलने काढावा. नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये : टोकाशी समपातळीत येईपर्यंत तो स्टडवरच राहू द्यावा. खाचांचा नट असेल तर उलटा फिरवून सपाट बाजू टोकाकडे करावी. त्यामुळे आटे वाचतात आणि जोड अचानक सुटला तरी आर्म झेपावत नाही.

यानंतर पुलर (स्क्रू आवळून स्टडला छिद्राबाहेर ढकलणारे जबड्याचे साधन) लावावा. त्याच्या स्क्रूचे टोक स्टडच्या बरोबर मध्यावर आणि जबडा नकलच्या कड्याखाली पूर्ण बसलेला हवा. तिरका बसला तर आटे वाकतात किंवा पुलर निसटतो. स्क्रूला ग्रीस लावून तो चांगला ताणात येईपर्यंत आवळावा. मग दीड ते दोन किलोच्या हातोड्याने कड्याच्या बाजूवर घाव घालावा, कड्याच्या विरुद्ध अंगाला दुसरा जड हातोडा टेकवून. मागचा आधार नसेल तर नकल घावाबरोबर मागे सरकते आणि धक्का वाया जातो. पाचशे ग्रॅमचा हातोडा कितीही वेळा मारला तरी नुसता उसळतो. चार-पाच घावांनंतर स्क्रू पुन्हा थोडा आवळावा. जोड सुटतो तो बंदुकीसारखा आवाज करून, म्हणून चष्मा घालावा, तोंड पुलरच्या रेषेत ठेवू नये आणि पुलर तारेने बांधून ठेवावा.

पुलर नसेल तर आर्मवर लांब पहार घालून एकाने खाली दाबावे आणि दुसऱ्याने कड्यावर घाव घालावा. तत्त्व तेच आहे. घाव ब्रेक डिस्क, हब, सेन्सरची बैठक किंवा जॉइंटचा रबरी बूट (आवरण) यांवर पडता कामा नये.

दुपाखी फोर्क म्हणजे नकल आणि जॉइंट यांच्या फटीत ठोकून घालायची पाचर. टाय रॉडसाठी साधारण १७ ते १८ मिमी. आणि बॉल जॉइंटसाठी २४ ते २९ मिमी. फटीचे फोर्क मिळतात. काम झटपट होते, पण बूट हमखास फाटतो. फाटक्या बुटातून पाणी गेले की चांगला जॉइंटही लवकर मरतो. जॉइंट फेकायचाच असेल तेव्हाच फोर्क हातात घ्यावा.

नटाबरोबर स्टडही फिरू लागला तर पकड सुटली आहे, पण नट अडलेला आहे. टोकाला षट्कोनी खाच किंवा सपाटी असेल तर तिथे धरावे. नसेल तर आर्मखाली जॅक लावून स्टड पुन्हा शंकूत दाबून धरावा आणि मग नट फिरवावा. तेही जमले नाही तर नट स्प्लिटरने फोडावा.

उष्णता

कडे तापवले की छिद्र थोडे प्रसरण पावते. १५ मिमी. व्यासाच्या पोलादी छिद्राचे तापमान १५० अंश सेल्सिअसने वाढले, तर व्यास सुमारे ०.०२७ मिमी.ने वाढतो. पण स्टडही लगेच तापू लागतो, म्हणून उष्णता जलद द्यावी आणि पाठोपाठ घाव घालावा. बूट आणि ग्रीस पेट घेतात, बंद जॉइंटमध्ये दाब वाढून तो फुटू शकतो, जवळच्या बेअरिंगचे सील जळते. जॉइंट टाकून द्यायचा असेल आणि नकल बिडाची किंवा पोलादाची असेल तरच हा मार्ग घ्यावा, शक्यतो ज्योतीऐवजी हॉट एअर गनने. अॅल्युमिनिअमच्या नकलला ज्योत कधीच लावू नये. तिला दिलेली उष्णता-प्रक्रिया बिघडून ताकद कायमची कमी होते. तिच्यावर जबर घावही घालू नयेत. तिथे पुलर आणि धीर हीच साधने.

पिंच बोल्टचा प्रकार

अनेक लहान गाड्यांत स्टड निमुळता नसून सरळ असतो. नकलच्या चिरलेल्या कड्यात तो बसवून आडव्या बोल्टने आवळलेला असतो. हा बोल्ट स्टडच्या खाचेतून जातो, त्यामुळे तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. इथे शंकूच नाही, म्हणून पुलर आणि आडवे घाव लागू पडत नाहीत. चिरेत छिन्नी किंवा रुंद पेचकस हलकेच ठोकून कडे किंचित उघडावे आणि आर्म पहारीने खाली दाबावा. कड्याच्या एका कानाला आटे असतील तर आणखी एक उपाय आहे : चिरेत पोलादी पट्टी ठेवावी आणि बोल्ट आटे असलेल्या बाजूने उलटा घालून पट्टीवर आवळावा. कान हळूहळू बाहेर रेटला जातो. दोन्हींत अति केले तर कान तडकतो आणि नकल बदलावी लागते. स्टीअरिंग डावीउजवीकडे फिरवून स्टड सैल होत नाही, कारण गोळा वाटीत फिरतो आणि स्टड कड्यातच राहतो.

काहीच चालले नाही तर

जॉइंट टाकाऊ असल्यास नकल आणि आर्म यांच्यामधून स्टड ग्राइंडरने कापता येतो. मग नकल उतरवून उरलेला तुकडा आट्यांच्या बाजूने प्रेसवर दाबून काढावा. ठिणग्यांपासून ब्रेक होज आणि ड्राइव्ह शाफ्टचा बूट झाकून ठेवावा.

पुन्हा बसवताना

छिद्र गंजमुक्त आणि कोरडे करावे. शंकूला तेल किंवा ग्रीस लावू नये. घर्षण घटले की त्याच टॉर्कवर स्टड जास्त खोल ओढला जातो, त्यावर आणि कड्यावर जादा ताण येतो. छिद्र लंबगोल झाले असेल किंवा सैल स्टडने आत घासल्याच्या खुणा असतील तर नवा जॉइंट तिथे टिकणार नाही, नकल बदलावी. टॉर्क त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच द्यावा. खाचांच्या नटाचे भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळावा, मागे कधीही फिरवू नये. स्प्लिट पिन, नायलॉन-रिंगचा नट आणि पिंच बोल्ट नवेच घ्यावेत. पिंच बोल्ट हाताने सहज शिरला पाहिजे. तो अडत असेल तर स्टड पूर्ण वर गेलेला नाही. आर्मचे आतले बुश सैल केले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच अखेरचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेल्या स्थितीत अडकून लवकर फाटते. जॉइंट किंवा आर्म बदलला असल्यास त्यानंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावे लागते.