गाडी गॅस खात नसते

एप्रिल उजाडला की मी गाडीच्या एसीत गॅस भरून घ्यायचो. ओळीनं तीन उन्हाळे. भरला की दोन-तीन आठवडे गाडीत महाबळेश्वर, मग पुन्हा सांगलीच. भरणारा पोरगा दर वेळी एकच सांगायचा, "जुनी गाडी हाय ओ, गॅस खातीयाच." गाडी अठरा वर्षांची, दार आपटलं की खालच्या कडेतून तांबडी भुकटी गळणारी. पेट्रोल खाते, ऑइल खाते, मग गॅसनंच काय घोडं मारलंय, असं म्हणून मीही पैसे मोजायचो.

पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला, तर तो कुठून तरी बाहेर पळालेला असतो.

त्याचं नाव आर-१३४ए. उघड्यावर ठेवला तर उणे २६ अंशांनाच उकळतो. कोणताही द्रव किती अंशांना उकळेल हे त्याच्यावरच्या दाबावर ठरतं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं आणि डाळ शिजायला वेळ घेते. कुकरमध्ये याच्या बरोबर उलट. एसी म्हणजे याच दोन टोकांमधली ये-जा. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये दाब असतो साधारण ३५ पीएसआय (टायरची हवा ज्यात मोजतात तेच माप). एवढ्या दाबाला हा द्रव ४ अंशांच्या आसपास उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता आपल्या केबिनमधल्या हवेतून ओढून घेतो. पुढं कॉम्प्रेसर त्याला दाबून २०० पीएसआयपर्यंत नेतो. आता त्याचा पुन्हा द्रव व्हायला ५४ अंशही पुरेसे. मे महिन्यात सांगलीची हवा ४० अंशांवर गेली तरी ती ५४ पेक्षा गारच, त्यामुळं बंपरमागच्या कंडेन्सरमधून उष्णता बाहेर पडते. भाजून काढणाऱ्या हवेत आणखी उष्णता ओतता येते, याचं मला कळल्यानंतरही नवल वाटतं.

गॅस कमी झाला की दाबाचा हा मेळ बिघडतो. कॉम्प्रेसरचं वंगण तेलही गॅसबरोबरच फिरत असतं, गॅस आटला की तेही माघारी येत नाही. म्हणून दाब फार उतरला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. बटण दाबलं तरी नुसता पंखा फिरतो, तो यामुळं.

यंदा माधवनगर रोडच्या एका मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी सिलिंडरला हात लावला नाही, बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले. "तेलकट कुठं दिसतंय ते बघायचं," म्हणाले. गॅस उडून जातो, पण त्याच्याबरोबर निसटलेलं तेल मागं राहतं आणि त्यावर धूळ बसते. कंडेन्सरकडं जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळीवर असाच एक काळा डाग होता, नेमका लोखंडी क्लॅम्पच्या बुडाशी. नळ्यांत नायट्रोजन भरून त्यांनी तिथं साबणाचा फेस लावला. थोडा वेळ काहीच नाही. मग मोहरीएवढा एक फुगा आला, फुटला आणि त्याच जागी दुसरा आला.

क्लॅम्प काढल्यावर नळीवर पांढरी पूड दिसली. गंज तांबडा असतो एवढंच आपल्याला माहीत, हा पांढरा गंज ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल असली की त्यांची छोटीशी बॅटरी तयार होते आणि त्या बॅटरीत जो धातू जास्त क्रियाशील, तो झिजतो. लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या जोडीत झिजणारं ॲल्युमिनियम. आमच्या गाडीला ओल कुठून मिळाली हे सांगलीकराला सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. गाडी तेव्हा बंपरपर्यंत गढूळ पाण्यात उभी होती. वरून धुऊन घेतली, पण क्लॅम्पखालचा चिखल कोण बघतो?

क्लॅम्प निघाला, कंडेन्सरचा बोल्ट मात्र निघेना. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो आट्यांमध्ये पाचरीसारखा ठासून बसतो. ऑइल मारलं, गरम केलं, शेवटी बोल्टचं डोकंच हातात आलं. कंडेन्सर ज्या पट्टीवर बसतो तीही खालून पोखरलेली. म्हणजे प्रत्येक खड्ड्याला कंडेन्सर हलणार आणि सांध्यांवर ताण येणार. पट्टीला वेल्डिंग, नवी नळी, सांध्यांतल्या नव्या रबरी ओ-रिंगा आणि नवा ड्रायर. ड्रायरमध्ये ओल शोषणारे दाणे असतात. नळ्या उघड्या पडल्या की ते हवेतली ओल पिऊन निकामी होतात, म्हणून ड्रायरवर पैसे वाचवू नयेत असं माझं मत झालंय.

मग पाऊण तास व्हॅक्यूम पंप. त्यानं हवा निघतेच, पण नळ्यांतलं पाणीही निघतं. दाब इतका उतरतो की पाणी सांगलीच्या साध्या ३० अंशांना उकळून वाफ होतं. एखादा थेंब राहिला तर कूलिंग कॉइलच्या आधी दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात त्याचा बर्फ होतो. पंप बंद करून मिस्त्री काट्याकडं बघत चहा प्याले. काटा हलला नाही, तेव्हा कुठं वजनावर मोजून गॅस गेला.

लहान गाडीत तो अर्ध्या किलोच्या आसपास मावतो. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या १,३०० ते १,५०० पट भारी. त्याच्यासारख्या वायूंचा वापर टप्प्याटप्प्यानं कमी करायचं २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला देशोदेशींच्या बैठकीत ठरलं, ते याचसाठी. माझ्या तीन उन्हाळ्यांचा दीड किलो म्हणजे दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. दर वेळी भरताना गळती का शोधली नाही, याला माझ्याकडं उत्तर नाही.

गार हवा आली. दहा मिनिटांनी मिस्त्री खाली वाकले आणि म्हणाले, "पाणी ठिबकंना." कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ गार होऊन तिचं पाणी होतं, ते नळीवाटे गाडीखाली पडायला हवं. आमचं पडत नव्हतं. त्यांनी डाव्या बाजूचं मॅट उचललं, खाली ओल आणि पत्र्याला बोट जाईल एवढं भोक. गाडी बाहेरून गंजते म्हणून मी वरचेवर रंग मारत होतो आणि एसी तिला आतून भिजवत होता. त्यांनी नळीत तार घातली. काळ्या गाळाचा गोळा आला, पाठोपाठ वाटीभर पाणी. गाळ त्यांनी बोटावर घेऊन बघितला, "ह्यो पुराचाच."

एसीचं बिल दिलं. पत्र्याचं अजून व्हायचंय.