शॉर्ट आउटपुट आणि अ‍ॅम्प्लिफायर आयसीचा उष्णताव्यय

अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटच्या दोन तारा एकमेकींना टेकल्यावर (म्हणजे शॉर्ट झाल्यावर) आयसीत, म्हणजे एकाच चिपवरच्या सर्किटात, उष्णतेच्या रूपाने खर्च होणारी शक्ती आणि त्यामुळे चढणारे तापमान यांचा अंदाज. विदर्भातील गावांत भजनी मंडळे, सामुदायिक प्रार्थना आणि झाडीपट्टीची नाटके यांसाठी भोंग्यांच्या तारा उघड्यावरून, जोड देत नेल्या जातात. तेथे या अंदाजाला विशेष महत्त्व आहे.

अशा शॉर्टपासून आयसीला मिळणाऱ्या संरक्षणाचा उगम एकाच ठिकाणी दाखवता येत नाही. १९६५ च्या म्यूए ७०९ या ऑप-अ‍ॅम्प (संकेत वाढवणाऱ्या) आयसीमध्ये शॉर्टपासून बचाव नव्हता. १९६७ च्या एलएम १०१ मध्ये आणि पुढील वर्षीच्या म्यूए ७४१ मध्ये प्रवाहमर्यादा (आउटपुटचा प्रवाह ठराविक आकड्यावर रोखण्याची सोय) आली, म्हणून काही लेखक उगम तेथे मानतात. तापमान ओळखून आयसीने स्वतःच प्रवाह आवरण्याची सोय मात्र साधारणतः आयसी रचनाकार बॉब वायडलर यांच्या एलएम १०९ या व्होल्टेज रेग्युलेटरशी, म्हणजे स्थिर दाब देणाऱ्या आयसीशी, (१९७० च्या आसपास) जोडली जाते. खालील गणित पाहता या दुसऱ्या पायरीला अधिक वजन द्यावे लागते.

टीडीए २०३० या ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर आयसीला ±१४ व्होल्ट पुरवठा आणि ४ ओहमचा स्पीकर असेल, तर साइन संकेतावर कमाल उष्णताव्यय सुमारे १० वॅट होतो. आउटपुट शॉर्ट झाले की पुरवठ्याचा सर्व दाब चालू असलेल्या ट्रान्झिस्टरवर पडतो. प्रवाहमर्यादा ३.५ अँपिअर धरल्यास १४ × ३.५ = ४९ वॅट. सरासरी काढताना साइन लाट गृहीत धरून हा आकडा कमी करण्याची पद्धत आढळते, पण ती येथे लागू पडत नाही. आउटपुट शून्यावर अडकल्याने फीडबॅक (आउटपुटचा अंश इनपुटला परत देऊन होणारे नियंत्रण) नाहीसा होतो आणि बारीक संकेतानेही प्रवाह दोन्ही बाजूंना मर्यादेपर्यंत जातो. त्यामुळे ४९ वॅट हीच जवळपास सरासरी होय. चिप ते पाठीची पट्टी हा औष्णिक रोध (उष्णतेच्या वाटेतला अडथळा) ३ अंश प्रतिवॅट असल्याने चिप पट्टीपेक्षा १४७ अंशांनी तापू पाहते. विदर्भातल्या मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते. हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) अमर्याद मोठे मानले तरी बेरीज १९२ होते, आणि आयसीची मर्यादा १५० च्या आसपास आहे. अशा वेळी प्रवाहमर्यादा एकटी आयसीला वाचवू शकत नाही; औष्णिक संरक्षण प्रवाह घटवते म्हणूनच आयसी टिकते. पत्र्याच्या बंद पेटीत हे संरक्षण आणखी लवकर लागते.

१२ व्होल्टच्या बॅटरीवर, आउटपुटला कपॅसिटर असताना, हिशेब सौम्य होतो: ६ × ३.५ = २१ वॅट. ४५ अंशांच्या हवेत अभ्रक (आयसी आणि हीटसिंक यांमधला विद्युतरोधक पापुद्रा) आणि हीटसिंक मिळून २ अंश प्रतिवॅट इतका रोध असला, तर चिप १५० अंशांच्या मर्यादेला जेमतेम टेकते.

शॉर्ट कोठे झाला यावरही बरेच ठरते. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार ५० मीटर नेल्यास जाऊन-येऊन सुमारे ३.४ ओहम रोध होतो. टोकाशी भोंग्याच्या तारा टेकल्या तर आयसीला तो जवळपास नेहमीचाच भार वाटतो. पेटीलगतचा शॉर्टच धोक्याचा. लाइन ट्रान्सफॉर्मर असल्यास त्याच्या वेटोळ्यांचा रोधही हिशेबात धरावा लागतो.