उन्हाळी सुटी किती आठवड्यांची? या आकड्यामागचा इतिहास

शाळेची उन्हाळी सुटी कमी करावी का, हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'ही सुटी शेतीच्या काळातली. तेव्हा मुलं शेतावर लागायची, म्हणून शाळा बंद ठेवत. आता कुठली शेती?' वाक्य इतकं सोपं आहे की ते तपासून पाहावंसं कुणाला वाटत नाही. ही गोष्ट सर्वात जास्त सांगितली जाते ती अमेरिकेबद्दल, आणि नेमकी तिथेच ती खरी नाही. तिथल्या शेताला मुलांचे हात लागत ते पेरणीला वसंतात आणि काढणीला शरदात. मग दहा-अकरा आठवड्यांची सुटी ऐन उन्हाळ्यात कशी आली? याचं उत्तर कळलं की आजच्या वादाकडे बघण्याची नजर बदलते, असं माझं मत आहे.

सुरुवात उन्हापासूनच करावी लागते, कारण ती तक्रार सर्वात जुनी. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये मार्शल नावाच्या कवीने एका शाळामास्तराला उद्देशून छोटी कविता लिहिली. जुलै महिना पिकं भाजून काढतोय, तेव्हा या कोवळ्या पोरांना जरा मोकळं सोड, मास्तरांचा राजदंड असलेली ती छडी १५ ऑक्टोबरपर्यंत झोपू दे, अशी त्याची विनवणी आहे. शेवटच्या ओळीत तो म्हणतो की उन्हाळ्यात मुलं धडधाकट राहिली, तरी ती पुरेसं शिकली. रशियन भाषेत शाळेच्या सुटीला 'कानिकुली' म्हणतात. त्याचं मूळ लॅटिन 'कानिकुला', म्हणजे छोटी कुत्री. हे व्याधाच्या ताऱ्याचं रोमन नाव. हा तारा पहाटे उगवू लागला की कडक उन्हाचे दिवस आले, अशी तिकडची समजूत होती.

आता अमेरिका. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे एकच असं शाळेचं वर्ष नव्हतं. खेड्यातली शाळा दोन सत्रांत भरे, एक हिवाळ्यात आणि एक उन्हाळ्यात. हो, उन्हाळ्यातही. हिवाळ्यात शेतावर काम नसल्याने थोराड पोरं बाकांवर येऊन बसत. उन्हाळी सत्रात लहान मुलं आणि मुली असत आणि त्यांना शिकवायला बहुधा एखादी तरुण शिक्षिका. सुटी मिळे ती पेरणीला आणि काढणीला.

शहरात चित्र अगदी वेगळं. न्यूयॉर्क, डेट्रॉइट यांसारख्या शहरांत १८४०च्या सुमारास शाळा वर्षाला २४० ते २६० दिवस उघड्या असत. आजच्या १८० दिवसांशी ही तुलना करताना एक गोष्ट विसरता कामा नये. तेव्हा शाळेत येणं सक्तीचं नव्हतं. मॅसॅच्युसेट्सने पहिला सक्तीचा कायदा केला तो १८५२ साली, आणि मिसिसिपी हे शेवटचं राज्य त्या वाटेला आलं ते १९१८मध्ये. शाळा उघडी असे, म्हणजे वर्ग भरलेला असेच असं नाही. उन्हाळ्यात तर नसेच.

कारणं कळायला ती खोली डोळ्यांसमोर आणावी लागते. विटांची इमारत, बेताच्या खिडक्या, एका खोलीत दाटीवाटीने बसवलेली मुलं आणि बाहेर साथीच्या रोगांची धास्ती. ज्यांना परवडे ती कुटुंबं रेल्वेने डोंगरात किंवा समुद्रकाठी निघून जात. ज्यांना परवडत नसे त्यांची मुलंही वर्गात टिकत नसत. त्यातच डॉक्टरांनी एक नवी भीती घातली होती. अमेराया ब्रिगम या वैद्याने १८३२ साली मांडलं की लहान वयात मेंदूला फार ताण दिला तर प्रकृती बिघडते, वेडही लागू शकतं. मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मान यांच्यासारख्या सुधारकांनी ही काळजी उचलून धरली. शिक्षकांनाही विश्रांती हवी होती, आणि त्यांच्या प्रशिक्षणाचे वर्ग भरवायला वर्षातला मोकळा काळ हवा होता.

दुसरीकडे खेड्यातल्या तुटपुंज्या शाळेला दिवस वाढवून हवे होते. शहराने उन्हाळा सोडला, खेड्याने वसंत आणि शरदातले दिवस भरून काढले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दोघं मध्ये कुठेतरी येऊन मिळाली. केनेथ गोल्ड या अभ्यासकाने हा सगळा प्रवास कागदपत्रांतून उलगडून दाखवला आहे. आज अमेरिकेतली बहुतेक राज्यं जे १८० दिवस धरतात, ते या तडजोडीतून आलेले आहेत. मुलाला किती विश्रांती लागते, याचं मोजमाप त्यात कुणी केलेलं नव्हतं.

शेतीने सुटी ठरवलीच नाही, असा याचा अर्थ नाही. इंग्लंडमध्ये ती उघडउघड ठरवली. १८६२च्या नियमावलीनंतर सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकाला लॉगबुक (शाळेची नोंदवही) ठेवावं लागे. ही लॉगबुकं आजही अभिलेखागारांत वाचायला मिळतात. मुलं कापणीला गेली, मुलं बटाटे वेचायला गेली, हजेरी पडली, अशा नोंदी त्यांत वर्षानुवर्षं येतात. अनुदान हजेरीवर आणि परीक्षेवर मिळायचं, त्यामुळे रिकाम्या बाकांचा फटका थेट शाळेच्या तिजोरीला बसे. यावर व्यवहारी तोड निघाली: मुलं नाहीतरी येणारच नाहीत, तर तेव्हाच सुटी जाहीर करा. म्हणून 'कापणीची सुटी' गावागणिक वेगळी पडे, आणि पीक उशिरा आलं तर सुटीही पुढे जाई. केंट परगण्यात सप्टेंबरात हॉप्सची, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांची, तोडणी असे. त्यासाठी लंडनच्या पूर्व भागातली गरीब कुटुंबं मुलाबाळांसकट तिकडे जात. मुलाच्या दृष्टीने ही 'सुटी' म्हणजे दिवसभराची मजुरी होती, हे या नोंदी वाचताना सारखं आठवत राहतं.

स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या सुटीला अजून 'बटाट्याची सुटी' म्हणणारे लोक भेटतात. जर्मनी, नॉर्वे आणि फिनलंडमधल्या शरद सुटीची कुळकथाही बटाट्याशीच जुळते. म्हणजे शेतीने जी सुटी खरोखर दिली, ती बऱ्याच ठिकाणी आज आठवड्या-दोन आठवड्यांची शरद सुटी होऊन उरली आहे. लांबलचक उन्हाळी सुटीच्या मागे कारणं दुसरी आहेत.

त्यातलं एक कारण मोठ्या माणसांच्या रजेचं. फ्रान्समध्ये शाळा १ ऑक्टोबरला उघडत, म्हणजे द्राक्षांची तोडणी आटोपल्यावर. जून १९३६मध्ये तिथल्या कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. आई-वडील मोकळे आणि मुलं वर्गात, अशी अडचण उभी राहिली. तेव्हाचे शिक्षणमंत्री जाँ झे यांच्या काळात सुटीची सुरुवात अलीकडे, जुलैच्या मध्यावर आणली गेली. पुढे १९५९मध्ये शाळा सप्टेंबरात उघडू लागल्या. द्राक्षमळ्यांच्या वेळापत्रकाची जागा कारखान्याच्या वेळापत्रकाने घेतली, आणि कारखान्याची जागा पुढे पर्यटनाने.

जर्मनीत हा हिशेब सर्वात उघड आहे. १९६४च्या हॅम्बुर्ग कराराने राज्यांनी मान्य केलं की वर्षात सुटीचे ७५ कामकाजी दिवस, आणि उन्हाळी सुटी साधारण सहा आठवड्यांची. पण सगळी राज्यं एकदम सुटली तर महामार्ग तुंबतात आणि हॉटेलांत जागा उरत नाही, म्हणून तारखा आळीपाळीने पुढेमागे सरकतात. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग मात्र आपली शेवटची पाळी सोडत नाहीत. बाकीच्यांची कुरकुर दरवर्षी चालू असते. याच देशात उन्हाचा विचारही फार आधी झाला होता. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या शिक्षण खात्याने १८९२ साली आदेश काढला: सकाळी दहा वाजता सावलीतल्या तापमापकाने २५ अंश दाखवले, तर त्या दिवशी सलग चार तासांपेक्षा जास्त शिकवायचं नाही. शाळेच्या नियमात मुलाच्या शरीराची दखल इतक्या सरळपणे घेतलेली मला क्वचितच दिसली आहे.

जपानमध्ये वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. त्यामुळे सुमारे चाळीस दिवसांची उन्हाळी सुटी वर्षाच्या मधोमध येते आणि गृहपाठाने भरलेली असते. १९२८ साली रेडिओवर सकाळच्या व्यायामाचा कार्यक्रम सुरू झाला. सुटीतही मुलं गळ्यात कार्ड अडकवून मैदानात जमतात, रेडिओच्या तालावर हातपाय हलवतात आणि निघताना त्या दिवसाच्या चौकोनात शिक्का मारून घेतात. तिथे सुटीतही मुलाची शाळेशी गाठ पूर्ण सुटत नाही. होक्काइदो या थंड बेटावर उन्हाळी सुटी आखूड आणि हिवाळी सुटी लांब असते. काश्मीर खोऱ्यातही लांब सुटी हिवाळ्यातच मिळते. ऑस्ट्रेलियात उन्हाळा आणि नाताळ एकत्र येत असल्याने साधारण सहा आठवडे डिसेंबर-जानेवारीत जातात.

मग आज आकडे काय सांगतात? जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंड यांची सुटी साधारण सहा आठवड्यांची. फ्रान्सची आठ, फिनलंडची दहा-अकरा, इटलीची बारा-तेरा, आणि लॅटव्हियाची जून ते ऑगस्ट, पूर्ण तीन महिने. यावरून जर्मन मूल इटालियन मुलापेक्षा दुप्पट शिकतं असं कुणी समजू नये. जिथे उन्हाळी सुटी छोटी, तिथे मधल्या सुट्या जास्त. इंग्लंडमध्ये मुलांसाठी शाळेचे दिवस १९०, आणि इतकी लांब सुटी देणाऱ्या फिनलंडमध्येही साधारण तितकेच. भारतात २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस घालून दिले. सुटी कधी आणि किती, याबद्दल तो कायदा गप्प आहे. म्हणूनच नुसत्या आठवड्यांवर वाद घालणं मला अपुरं वाटतं. खरा प्रश्न आहे सलग खंड किती मोठा असावा, हा.

या खंडाचं काय होतं ते कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला विचारा. सुटीआधी पटापट बेरजा करणारं मूल पहिल्या आठवड्यात ५७ अधिक २८ बरोबर ७५ लिहितं. हातचा राहिलेला असतो. अशी विस्मृती मोजण्याचे प्रयत्न शंभराहून अधिक वर्षं चालू आहेत. १९७८ साली बार्बरा हाइन्स यांनी अटलांटातल्या मुलांच्या अभ्यासातून दाखवलं की गरीब आणि सुखवस्तू मुलांमधलं अंतर शाळा चालू असताना कमी वाढतं आणि उन्हाळ्यात जास्त. १९९६मध्ये हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी ३९ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी नुकसान महिनाभराच्या शिक्षणाइतकं निघालं. गणितात ते जास्त होतं. वाचनात मात्र मध्यमवर्गीय मुलं जागेवर राहत किंवा थोडी पुढेच जात, आणि गरीब मुलं मागे पडत. पुढे बाल्टिमोरमधल्या दीर्घ अभ्यासाने हाच मुद्दा आणखी ठासून मांडला.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. पॉल फॉन हिपेल यांनी अलीकडे जुन्या चाचण्यांची गुणांकन पद्धत तपासली. नव्या चाचण्या लावल्या की यातले बरेच निष्कर्ष तसेच्या तसे येत नाहीत, असं त्यांना आढळलं. 'उन्हाळ्यात सगळं पुसलं जातं' हे विधान ठणकावून करण्याइतका पुरावा आज नाही. मुलामुलांचे उन्हाळे सारखे नसतात, हे मात्र खरंच आहे. एकाला प्रवास, पुस्तकं, पोहणं. दुसऱ्याला बंद खोली आणि धाकट्या भावंडाची राखण.

सुटीचे तुकडे करून वर्षभर पसरवण्याची कल्पनाही नवी नाही. इंडियाना राज्यातल्या ब्लफ्टन गावी विल्यम विर्ट यांनी १९०४ साली तो प्रयोग केला. १९८३च्या 'अ नेशन ॲट रिस्क' या सरकारी अहवालाने वर्ष २०० ते २२० दिवसांचं करा असं सुचवलं, पण बहुतेक ठिकाणी आकडा १८०च्या आसपासच राहिला. लॉस एंजेलिसमध्ये वर्षभराच्या शाळा आल्या त्या केवळ वर्गखोल्या कमी पडल्या म्हणून. मुलांचे गट पाडून त्यांना पाळीपाळीने सुटी दिली. त्यातल्या एका पद्धतीत तर मुलांना वर्षाला १६३ दिवसच शाळा मिळे, आणि ही पाळी बहुधा गरीब वस्त्यांच्या वाट्याला येई. एका खटल्यातल्या २००४च्या तडजोडीनंतर ती पद्धत मोडीत काढावी लागली. नाव सुधारणेचं, पण त्यात त्या मुलांचा अभ्यासच कमी झाला. त्याचा राग यायलाच हवा.

वेल्सच्या सरकारने २०२३च्या अखेरीस उन्हाळ्याचा एक आठवडा काढून शरद सुटीला जोडण्याचा प्रस्ताव मांडला. शिक्षक संघटना आणि पर्यटन व्यवसाय दोघांनीही विरोध केला, आणि २०२४मध्ये तो पुढे ढकलला गेला. या वादात भुकेचाही मुद्दा आहे. शाळेतलं मोफत जेवण हाच ज्या मुलांचा आधार, त्यांना सुटीत ते मिळत नाही. २०२० साली फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड यांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा ब्रिटिश सरकारला निर्णय फिरवून त्या उन्हाळ्यासाठी कूपनं द्यावी लागली.

आणि आता ऊन पुन्हा मुख्य प्रश्न होऊन आलं आहे. युनिसेफच्या हिशेबाने २०२४ या एका वर्षात ८५ देशांतल्या किमान २४ कोटी २० लाख मुलांची शाळा टोकाच्या हवामानाने विस्कळीत झाली, आणि त्यात सर्वात मोठा वाटा उष्णतेच्या लाटांचा होता. फिलिपिन्सने हे फार जवळून अनुभवलं. तिथे शाळा जूनमध्ये सुरू होत आणि सुटी एप्रिल-मेच्या उन्हात पडे. महासाथीच्या काळात वर्षाची सुरुवात पुढे सरकली आणि एप्रिल-मे शाळेच्या दिवसांत आले. एप्रिल २०२४मध्ये वर्ग इतके तापले की देशभरातल्या सरकारी शाळांत प्रत्यक्ष तास थांबवावे लागले. जून २०२५पासून जुनं वेळापत्रक परत आणलं, आणि उन्हाळ्याची सुटी पुन्हा उन्हाळ्यात आली. पण जून म्हणजे तिथे पावसाचीही सुरुवात. जुलैमध्ये वादळं आली, मनिला परिसरात पाणी भरलं, आणि नुकतेच सुरू झालेले वर्ग पुन्हा काही दिवस बंद ठेवावे लागले.