नॉरवॉक ते कावासाकी: नोरोव्हायरस दर काही वर्षांनी पुन्हा का उसळतो

ऑक्टोबर १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, नॉरवॉक गावच्या प्राथमिक शाळेतली निम्मी मुलं आणि शिक्षक दोन दिवसांत उलट्यांनी आडवे झाले. जिवाणू काही सापडेना. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी विषाणुशास्त्रज्ञ अल्बर्ट कपिकियन यांनी तिथल्या विष्ठेच्या गाळलेल्या द्रवात आजारातून उठलेल्या माणसाचं रक्तद्रव मिसळलं. त्यातल्या प्रतिपिंडांनी (जंतूला चिकटणाऱ्या संरक्षक प्रथिनांनी) विषाणूचे पुंजके केले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली २७ नॅनोमीटरचे कण दिसले. सुटे राहिले असते तर त्या द्रवात ते कुणाच्या नजरेस पडले नसते. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या या नोरोव्हायरसचं 'नोरो' हे नाव त्याच गावावरून आलं.

त्याच दशकात स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत एक विचित्र गोष्ट दिसली. एकदा आजारी पडलेल्यांना दोन-तीन वर्षांनी तोच विषाणू पाजला, तर ते पुन्हा आजारी पडले. म्हणजे प्रतिकारशक्ती येते, पण टिकत नाही. त्यात विषाणूही बदलत राहतो.

तो बदलतो कुठे, तर कवचाच्या बाहेर डोकावणाऱ्या भागात. तिथूनच तो आतड्यातल्या पेशींवरच्या रक्तगटाशी संबंधित शर्करांना चिकटतो आणि प्रतिपिंडंही तिथेच बसतात. आरएनएची, म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुराची, नक्कल करताना होणाऱ्या चुका फारशा दुरुस्त होत नाहीत. त्यातली एखादी चूक अशी निघते की शर्करेवरची पकड शाबूत राहते, पण जुनी प्रतिपिंडं हुकतात. दुसरा मार्ग उसनवारीचा. एकाच माणसात दोन प्रकार शिरले की एकाचं कवच आणि दुसऱ्याचं नक्कल करणारं यंत्र एकत्र येऊ शकतं.

या खेळात जीआयआय-४ (दुसऱ्या गटातला चौथा प्रकार) सर्वांत तरबेज. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्याचे ठिकाणांच्या नावांचे अवतार एकामागून एक आले: २००२ मध्ये फार्मिंग्टन हिल्स, २००४ मध्ये हंटर, २००६ मध्ये डेन हाग, २००९ मध्ये न्यू ऑर्लिन्स, २०१२ मध्ये सिडनी. दर दोन-चार वर्षांनी नवा गडी. सिडनी आल्यावर मात्र ही रांग थबकली. त्याने कवच जवळपास तेच ठेवून फक्त नवं यंत्र उसनं घेतलं आणि बरीच वर्षं ठाण मांडलं. दरम्यान २०१४-१५ च्या हिवाळ्यात चीन आणि जपानमध्ये जीआयआय-१७ चा, जपानी शहराच्या नावाचा कावासाकी अवतार उसळला. इतरत्र तो तेव्हा फार पसरला नाही. पण २०२४-२५ मध्ये अमेरिकेतल्या साथींपैकी सुमारे तीन चतुर्थांश त्याच्याच होत्या. ज्यांच्या अंगात फक्त जीआयआय-४ ची ओळख होती, त्यांना तो जवळपास परकाच.

तरी प्रत्येक मोठ्या साथीचं खापर नव्या अवतारावर फोडणं घाईचं ठरतं. २०१२ मध्ये पूर्व जर्मनीत चीनहून आलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरीमुळे सुमारे ११,००० जण, बहुतेक शाळकरी मुलं, आजारी पडले. तिथे एकच नव्हे, अनेक प्रकार एकत्र सापडले. दूषित माल, सामूहिक स्वयंपाकघर आणि न शिजवता वाढलेलं फळ एवढं पुरेसं होतं. लागण व्हायला मोजके कणही पुरतात. केरळात वायनाडला नोव्हेंबर २०२१ मध्ये विद्यार्थ्यांत हाच विषाणू आढळला, तेव्हाही लक्ष आधी पाण्याकडे आणि वसतिगृहाकडे गेलं.

प्रकार कुठलाही असो, सफाईची कृती तीच. अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही, हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात. सांडलेली उलटी आधी कागदाने, कडेकडून मध्याकडे टिपून काढायची, कारण घाण तशीच राहिली तर नंतर टाकलेल्या ब्लीचमधलं क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतं. मग ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) १ लिटर पाण्यात २० मिली (१००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग), फार घाण झालेल्या जागी १०० मिली, आणि किमान पाच मिनिटं ओलं राहू द्यायचं. बाटली जुनी असेल तर जोर उतरलेला असतो. शौचालयाच्या अ‍ॅसिडमध्ये हे ब्लीच मिसळलं तर विषारी वायू निघतो. आणि स्वयंपाक्याची उलटी-जुलाब थांबल्यावर किमान ४८ तास त्याला चुलीपाशी येऊ द्यायचं नाही, कारण बरं वाटू लागल्यावरही त्याच्या विष्ठेतून दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, विषाणू बाहेर पडत असतो.